रत्नपारखी टॅव्हर्नियर

कपाशीचा हंगाम आटोपून घरीं चार पैसे आले आणि त्याच सालीं घरांत लग्नकार्य निघालें, कीं आमच्या वऱ्हाडांतील कुटुंबें जालना, खामगांव किंवा अकोला येथील सराफ्याची वाट धरतात. सोनें घेतांना बहुतेकांस धीर असतो. सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून दाखवितो, तोळ्याचा भाव गांवोगांव ठाऊक असतो, आणि फसगत झालीच तर दुसरा सराफ ती सांगूं शकतो. पण नथेंत अथवा कुड्यांत हिरा बसवावयाचा म्हटला म्हणजे मोठे व्यवहारचतुर गृहस्थहि मान खालीं घालून बसतात. एका खड्याची किंमत शेजारच्या तेवढ्याच दिसणाऱ्या खड्याच्या तिप्पट कां, हें त्यांच्यानें विचारवत नाहीं. आणि जो विचारीत नाहीं त्याच्याच पदरीं वाईट माल पडतो. वर्षभर राबून मिळविलेला पैसा असा डोळे मिटून द्यावा, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

बीबी व लोणार भागांतील आमचे विद्यार्थी सुटीहून परत येतांना नाल्यांत सांपडलेले चकचकीत स्फटिक खिशांत घालून आणितात आणि हे हिरे आहेत काय, असें मोठ्या आशेनें विचारतात. ते हिरे नव्हत. आमचा मुलूख ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी व तिच्याच जातीचे दिसणारे इतर स्फटिक जमतात. कांचेवर रेघ ओढली म्हणजे हिरा, ही समजूत चुकीची आहे, कारण गारगोटीहि कांचेवर रेघ ओढते. दुसरी समजूत याहून घातक. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाहीं, असें घरोघर सांगतात. हिरा सर्व पदार्थांत कठीण खरा, पण कठीण असणें निराळें व चिवट असणें निराळें. ठराविक दिशेनें घाव बसला कीं हिरा सरळ दुभंगतो. या एका समजुतीपायीं किती उत्तम हिऱ्यांचा चुरा झाला असेल, तें देव जाणे.

मग हिऱ्याची पारख करावी तरी कशी? हें ज्यानें आपल्याच देशांत फिरून, खाणींवर बसून, लहान मुलांच्या बाजारांत व बादशहाच्या दरबारांत पाहून लिहून ठेविलें, त्या ज्यां बाप्तिस्त टॅव्हर्नियर नांवाच्या फ्रेंच जवाहिऱ्याचें चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

टॅव्हर्नियरचा जन्म १६०५ सालीं पॅरिस शहरीं झाला. म्हणजे आपल्या सिंदखेडराजा येथें जिजाबाईंचा जन्म झाल्यावर सात वर्षांनीं. त्याचा बाप गाब्रिएल हा मूळचा अँटवर्पचा. प्रॉटेस्टंट मताचा असल्यामुळें तिकडील छळास कंटाळून तो पॅरिसला येऊन राहिला होता. घरचा धंदा नकाशांचा. बाप भूगोल जाणणारा, चुलता नकाशे कोरणारा व छापणारा. त्यामुळें घरीं दर्यावर्दी, व्यापारी व पंडित यांची सदा ये-जा असे. वयाच्या पंधराव्या वर्षीं हा मुलगा घराबाहेर पडला. बाविसाव्या वर्षापर्यंत इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, पोलंड, हंगेरी व इटली इतके देश त्यानें पाहिले, आणि युरोपांतील बऱ्याच भाषा तो कामापुरत्या बोलूं लागला. पूर्वेकडील भाषा मात्र त्यास कधींच आल्या नाहींत. जन्मभर त्यास दुभाष्यावर अवलंबून राहावें लागलें. त्याच्या लिखाणांत ज्या चुका राहिल्या आहेत, त्यांतील पुष्कळांचें मूळ येथेंच असावें असें आम्हांस वाटतें.

एकंदर सहा वेळां तो पूर्वेकडे आला. पहिल्या खेपेस, १६३१ च्या सुमारास, कॉन्स्टँटिनोपलवरून इराणांत इस्पहानपर्यंत जाऊन तो १६३३ सालीं परतला. दुसऱ्या खेपेस १६३८ सालीं निघून तो सुरतेस उतरला व आग्रा, गोवा आणि गोवळकोंडें पाहून आला. पुढील चार प्रवास १६४३ ते १६६८ या पंचवीस वर्षांत झाले. येतांना मोतीं व युरोपांतील कसबी जिन्नस आणावे, ते इराणचा शहा व हिंदुस्थानांतील उमराव यांस विकावे, आणि जातांना हिरे न्यावेत, असा त्याचा क्रम असे. त्या काळीं हिरा म्हणजे बहुतेक हिंदुस्थानचाच. ब्राझीलमध्यें हिरे सांपडूं लागले ते अठराव्या शतकांत, आणि दक्षिण आफ्रिकेंत तर १८६७ च्या सुमारास.

सुरतेहून गोवळकोंड्यास जाणारा जो रस्ता त्यानें लिहून ठेविला आहे, तो आपल्या परिसराच्या दक्षिणेकडून जातो. नवापूर, दौलताबाद, औरंगाबाद, नांदेड असे त्याचे टप्पे. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो व थोर लोक तो मुद्दाम मागवितात, असें तो सांगतो. वाटेवर बंजाऱ्यांचे तांडे आडवे आले म्हणजे दहा दहा बारा बारा हजार बैलांची रांग पुढें जाईपर्यंत अरुंद रस्त्यावर दोन तीन दिवस थांबून राहावें लागे, असेंहि त्याचें वर्णन आहे. धान्य, डाळी व मीठ वाहणाऱ्या या लोकांचे वंशज आज आपल्या तालुक्यांत शेती करून राहिले आहेत, आणि त्यांचीं मुलें आमच्या वर्गांत बसतात.

त्यानें पाहिलेल्या खाणींपैकीं पहिली, विजापूरच्या राज्यांतील, तिला तो रावळकोंडा म्हणतो. गोवळकोंड्याहून ती पांच दिवसांच्या वाटेवर होती. दुसरी कृष्णेच्या कांठची कोल्लूरची. कोल्लूर गोवळकोंड्याहून सात दिवसांच्या वाटेवर. शेत पेरण्यासाठीं जमीन उकरतांना एका कुणब्यास तेथें एक अणकुचीदार दगड मिळाला, तो सुमारें २५ कॅरटांचा हिरा निघाला, आणि तेव्हांपासून ती खाण चालू झाली, अशी हकीकत त्यास तेथें कळली. तो गेला तेव्हां तेथें पुरुष, बायका व मुलें मिळून साठ हजार माणसें कामावर होतीं, असें तो लिहितो. पुरुष दहा बारा फूट खोल खणीत, बायका व मुलें माती वाहून एका आवारांत टाकीत. मग त्या मातीवर पाणी सोडून चिखल करीत, पाणी काढून देत, माती उन्हांत वाळवीत आणि धान्य पाखडावें तशी सुपांतून पाखडीत. राहिलेले खडे ढेकळें फोडून हातांनीं चाळीत. आज त्या कोल्लूरच्या जागेवर पुलिचिंतला धरणाचें पाणी पसरलें आहे.

येथें एक गोष्ट लिहिल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. रावळकोंड्यास खाणींत राबणाऱ्या कसबी मजुरास वर्षाकाठीं अवघे तीन होन मिळत. पन्नास मजुरांवर बारा पंधरा पहारेकरी असत, तरी कोणी कोणी हिरा लपवी. कांहीं गिळीत, आणि एकानें तर डोळ्याच्या कोपऱ्यांत दडविलेला टॅव्हर्नियरनें स्वतः पाहिला. मोठा हिरा प्रामाणिकपणें धन्याच्या हवालीं केला तर बक्षीस काय, तर पागोट्यापुरतें कापड व वर थोडी भर. टॅव्हर्नियर हें सर्व थंडपणें लिहितो. तो व्यापारी होता. मजुरीचा दर हा त्याच्या दृष्टीनें मालाच्या खर्चाचा एक रकाना. राजांच्या मुकुटांतील खडे पाहतांना ज्यांनीं ती माती डोक्यावरून वाहिली तीं मुलें आम्हांस आधीं आठवतात, आणि यांत कोणी आम्हांस दोष देणार नाहीं.

पण त्याच रावळकोंड्यास त्यानें दुसरींहि मुलें पाहिलीं. गांवच्या चौकांत एका मोठ्या झाडाखालीं रोज सकाळीं व्यापाऱ्यांचे मुलगे येऊन बसत. वय दहा ते पंधरा सोळा. प्रत्येकाच्या कमरेस एका बाजूला काटा व वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला होनांनीं भरलेली थैली. कोणाकोणाच्या थैलींत सहाशें होनांपर्यंत रक्कम असे. कोणी हिरा विकावयास आणला म्हणजे तो सर्वांत वडील मुलाच्या हातांत देत. तो नीट पाहून शेजारच्याकडे देई, शेजारचा पुढच्याकडे, आणि चकार शब्द न बोलतां हिरा सगळ्या मंडळींतून फिरून पुन्हां पहिल्याकडे येई. मग तो किंमत विचारी व सौदा करी. भलत्याच भावानें घेतला तर तोटा त्याच्या एकट्याच्या अंगीं. संध्याकाळीं सर्व माल एकत्र करून पाणी, वजन व स्वच्छता यांप्रमाणें त्याच्या निरनिराळ्या पुड्या बांधीत, मोठ्या व्यापाऱ्यांस विकीत, आणि नफा सारखा वांटून घेत. वडील मुलास मात्र शेंकडा पाव हिस्सा अधिक. आमच्या इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांनीं ही हकीकत दोनदां वाचावी. त्या मुलांचें शिक्षण म्हणजे काय होतें? पाहणें, पुन्हां पाहणें, आणि दुसऱ्याचें मत ऐकण्यापूर्वीं आपलें मत ठरविणें. झाडाखालीं जी शांतता असे ती याकरितां, कीं एकाच्या बोलण्यानें दुसऱ्याची नजर बिघडूं नये.

आतां पाहण्याची रीत. हिऱ्याच्या तेजाला व निर्मळपणाला आपण पाणी म्हणतों. मोत्याला, तलवारीला व माणसालाहि आपण तोच शब्द लावितों. युरोपांतील जवाहीर कच्चा हिरा दिवसाच्या उजेडांत पाहत. येथील व्यापारी तो रात्रीं पाहत. भिंतींत हातभर चौरस कोनाडा करून त्यांत मोठ्या वातीचा दिवा ठेवीत, आणि हिरा दोन बोटांत धरून त्या उजेडापुढें फिरवीत. एकाच दिशेनें येणारा, न हलणारा उजेड, आजूबाजूला काळोख. अशा वेळीं आंतली चीर किंवा डाग लपत नाहीं. परंतु निळसर झांक असलेलें पाणी, ज्यास ते सर्वांत हलकें समजत, तें कच्च्या खड्यांत दिव्यानें उमगत नसे. त्याची परीक्षा निराळी. दाट पानांच्या झाडाखालीं हिरवट सावलींत हिरा नेला म्हणजे ती निळी झांक चटकन् उघडी पडते. ही युक्ति टॅव्हर्नियरला फार आवडली होती, आणि तिच्यांत शास्त्र आहे. पांढऱ्यांतील थोडासा रंग ओळखावयाचा तर भोंवतालचा उजेड बदलून पाहावा लागतो. दुकानांतील झगझगीत दिव्यांखालीं प्रत्येक खडा चकाकतो, ही गोष्ट आमच्या पालकांनीं लक्षांत ठेवावी आणि खडा दाराशीं उजेडांत नेऊन पांढऱ्या कागदावर पाहण्यास संकोच करूं नये. शक्य तर कोंदणांत बसण्यापूर्वींच पाहावा. मागें चकचकीत पत्रा घालून कोंदण बंद केलें म्हणजे पाण्याचा कांहींच अंदाज लागत नाहीं.

कच्च्या हिऱ्याचा रंग त्याच्या मातीवरून येतो अशी त्या वेळची समज होती. कोल्लूरचे हिरे मोठे निघत, पण त्यांचें पाणी स्वच्छ नसे. दलदलीच्या जागचे काळसर, तांबड्या मातीचे तांबूस, कांहीं हिरवट व कांहीं पिवळट असत, असें टॅव्हर्नियर सांगतो. रावळकोंड्याचे हिरे पाण्यानें उत्तम, परंतु खडकांच्या चिरांतून वाळू काढतांना लोखंडी पहारींचे घाव बसून पुष्कळांस आंतून तडे जात. म्हणजे एका खाणीचा माल वजनांत भारी व दुसरीचा पाण्यांत सरस. दोन्ही गुण एकत्र क्वचितच.

खाणीवरच हिरे घासणारे कारागीर असत. पोलादी चकतीवर तेल व हिऱ्याची पूड घालून ते एकेक खडा घाशीत. त्यांचा हेतु युरोपांतील कारागिरांहून भिन्न होता. हिरा स्वच्छ असेल तर त्यास नुसता चकतीवर फिरवून सोडून देत, आकार देण्याच्या भरीस पडत नसत, कारण वजन घटतें. हिऱ्यांत बारीक चिरा, ठिपके किंवा वाळूचे कण असले तर मात्र त्यावर अंगभर बारीक पैलू पाडीत, कीं पैलूंच्या लखलखाटांत दोष दिसूं नये. तांबडा ठिपका असला तर खडा विस्तवांत घालून तो काळा करीत. काळा कमी वाईट मानीत. हें ध्यानांत आल्यावर टॅव्हर्नियर अंगभर पैलूंचा हिरा दिसला, कीं पैलूंकडे न पाहतां पैलूंखालीं काय दडलें आहे तें शोधी. वजन राखण्याच्या या आपल्या रीतीचें मोठें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानांतील नाशिकचा हिरा १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां तो नव्वद कॅरटांच्या आसपास होता. लंडनच्या कारागिरांनीं तो पुन्हां घासला, आणि १९४० सालीं न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यानें तिसऱ्यांदा घासून तो ४३ कॅरटांवर आणिला. वजन निम्मे गेलें, तेज वाढलें. यांत बरें काय व वाईट काय, हें ज्यानें त्यानें ठरवावें. आम्हांस जुना आकार पाहावयास मिळाला असता तर आनंद झाला असता.

किंमत काढण्याचा जो नियम टॅव्हर्नियरनें दिला तो आमच्या विद्यार्थ्यांस गणिताच्या तासास उपयोगी पडेल. हिऱ्याचें वजन कॅरटांत घ्यावें, त्याचा वर्ग करावा, आणि त्या प्रतीच्या एक कॅरट हिऱ्याचा जो भाव असेल त्यानें गुणावें. निर्दोष हिऱ्याचा एक कॅरटाचा भाव तो १५० लिव्हर धरतो. लिव्हर हें त्या वेळचें फ्रान्सचें चलन. तेव्हां १२ कॅरटांचा निर्दोष हिरा असल्यास बाराचा वर्ग १४४, गुणिले १५०, म्हणजे २१,६०० लिव्हर. आतां दुसरा हिरा १५ कॅरटांचा आहे, पण पाणी मध्यम, आकार वांकडा, आंत डाग. अशाचा कॅरटाचा भाव ८० धरला तर २२५ गुणिले ८०, म्हणजे १८,००० लिव्हरच. तीन कॅरटांनीं मोठा असूनहि दुसरा हिरा ३,६०० लिव्हरांनीं स्वस्त! बाजारांत आकार पाहून भुलणाऱ्यांनीं हें गणित एकदां पाटीवर करून पाहावें. हा नियम आज तंतोतंत चालत नाहीं, तरी मोठा हिरा नुसत्या वजनाच्या प्रमाणांत महाग होत नसून त्याहून पुष्कळ अधिक वेगानें महाग होतो, हें त्यांतील मर्म अजून खरें आहे.

सौद्याची रीत तर आमच्या शेतकरी वाचकांस घरचीच वाटेल. घेणारा व विकणारा समोरासमोर मांडी घालून बसत. एकजण कमरेचा शेला सोडी, दुसऱ्याचा हात धरी, आणि दोघांचे हात शेल्याखालीं झांकले जात. सबंध हात दाबला म्हणजे हजार, पांच बोटें म्हणजे पांचशें, एक बोट म्हणजे शंभर, अर्धें बोट पन्नास, बोटाचें टोंक दहा. तोंडानें एक अक्षर नाहीं, चेहऱ्यावर खूण नाहीं. भोंवतीं दहा माणसें बसलीं असलीं तरी सौदा किती होनांस ठरला तें कोणास कळत नसे. बैलबाजारांत उपरण्याखालीं बोटें धरून भाव करणारे हेडे आपण पाहिले आहेतच. फ्रान्सच्या या जवाहिऱ्यानें ती बोटांची भाषा मात्र दुभाष्यावांचून आत्मसात केली.

एके दिवशीं रावळकोंड्यास त्याच्या बिऱ्हाडीं एक मनुष्य येऊन बसला. कमरेस पंचा, डोक्यास फाटकें फडकें, असा त्याचा वेष. प्रथम त्यानें कांहीं हलकीं माणकें दाखविलीं. ती विकत घेण्यासारखीं नव्हतीं, पण टॅव्हर्नियरनें त्यास हांकलून दिलें नाहीं. वेषावरून माणसाचें मोल करूं नये एवढें तो या देशांत शिकला होता. नोकरांस बाहेर घालवितांच त्या मनुष्यानें डोक्याचें फडकें सोडलें, केंस मोकळे केले, आणि केंसांतून चिंधींत बांधलेला साडेअठ्ठेचाळीस कॅरटांचा हिरा काढून पुढें ठेविला. त्याचा तीन चतुर्थांश भाग सुंदर पाण्याचा व स्वच्छ. उरलेल्या चतुर्थांशांत चिरा व तांबडे ठिपके. हिरा रात्रभर तपासण्यासाठीं त्याच्यापाशीं ठेवून तो गृहस्थ निघून गेला. अनोळखी परदेशी माणसाजवळ, कागद नाहीं, साक्षीदार नाहीं! दुसऱ्या दिवशीं गांवाबाहेर ठरल्या जागीं सौदा पुरा झाला. पुढें सुरतेस टॅव्हर्नियरनें तो एका डच कप्तानास बऱ्यापैकीं नफ्यानें विकला. पारख हिऱ्याची होती तशी ती दोन माणसांचीहि एकमेकांस होती.

१६६५ सालच्या नोव्हेंबरच्या २ तारखेस औरंगजेब बादशहाच्या हुकुमानें त्यास मोगलांचें जवाहीरखान्यांतील धन पाहावयास मिळालें. पुरंदरचा तह होऊन तेव्हां पांच महिने झाले होते. जडजवाहिराचा कामदार अकिलखान यानें जरीनें झांकलेलीं दोन तबकें आणविलीं; आंतील नग तीन वेळां मोजले, यादी केली, आणि पहिलाच जो नग त्याच्या हातांत दिला तो मोगलांचा महान् हिरा. अंडें मधोमध कापावें तसा आकार, तळाशीं कडेला एक लहान चीर, आंत बारीक दोष, पाणी उत्तम. वजन ३१९ १/२ रती, म्हणजे त्याच्या हिशेबानें २७९ ९/१६ कॅरट. मीर जुमल्यानें शहाजहानास नजर केलेला हा कच्चा हिरा ९०७ रतींचा होता. तो घासण्याचें काम होर्तेन्सिओ बोर्जिओ नांवाच्या एका व्हेनिसच्या कारागिराकडे दिलें. त्यानें दोषाच्या बाजूनें तुकडे चिरून काढण्याऐवजीं सारा खडाच घाशीत नेला. बक्षीस राहिलें बाजूस. त्यास दहा हजार रुपये दंड झाला, आणि जवळ अधिक असते तर तेहि गेले असते. टॅव्हर्नियरनें आपल्या नियमानें याचें मोल १,१७,२३,२७८ लिव्हर काढलें आहे; विद्यार्थ्यांनीं हिशेब करून ताळा पाहावा. इटलींतील टस्कनीच्या सरदाराच्या अशाच प्रसिद्ध हिऱ्यास मात्र त्यानें कॅरटामागें १५० न धरतां १३५ च धरले, कारण त्याच्या पाण्यांत लिंबाच्या रंगाची झांक होती. मालक कितीहि थोर असो, झांक ती झांक.

१६६८ सालच्या अखेरीस तो फ्रान्सला परतला व राजा चौदावा लुई याच्या भेटीस गेला. राजानें त्याच्याकडून हजाराहून अधिक लहानमोठे हिरे घेतले. त्यांतील एक ११२ ३/१६ कॅरटांचा गडद निळा होता. वर आम्हीं निळी झांक वाईट असें लिहिलें, तेव्हां हें कसें, असा प्रश्न चतुर विद्यार्थी करील. पांढऱ्या हिऱ्यांत मिसळलेली फिकट झांक हा दोष. पण सबंध खडाच आकाशाच्या गाभ्यासारखा निळा असणें ही इतकी दुर्मिळ गोष्ट आहे कीं तेथें दोषाचेंच भूषण होतें. राजानें १६७३ सालीं तो घासून घेतला. फ्रान्सच्या राज्यक्रांतींत, १७९२ सालीं, तो चोरीस गेला. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयांत १९५८ पासून असलेला ४५.५२ कॅरटांचा होप हिरा त्यांतूनच निघाला, असें आतां शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे.

टॅव्हर्नियरच्या काळापासून परीक्षेचीं साधनें बदललीं. कॅरट आतां सर्वत्र २०० मिलिग्रामांचा धरतात, म्हणजे पांच कॅरटांचा एक ग्राम. वजन, रंग, स्वच्छता व पैलूंची घडण या चार अंगांनीं हिरा तपासून प्रयोगशाळा तसा दाखला देतात. स्वच्छता दहा पट मोठें दाखविणाऱ्या भिंगाखालीं पाहतात. यंत्रांत तयार केलेले हिरेहि आज बाजारांत आहेत. ते रासायनिक दृष्टीनें खरे हिरेच, पण खाणींतील हिऱ्याहून पुष्कळ स्वस्त. दुकानदारानें ते यंत्रांतील म्हणूनच विकले पाहिजेत, आणि घेणाऱ्यानें दाखल्यावर तें वाचून पाहिलें पाहिजे. ज्या सुरतेस टॅव्हर्नियर जहाजांतून उतरे, त्याच सुरतेस आज जगांतील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

राजानें त्यास १६६९ सालीं सरदारकी दिली. पुढच्या वर्षीं त्यानें स्वित्झर्लंडांत ओबोन येथील जहागीर विकत घेतली, आणि तेथें आपल्या टिपणांवरून प्रवासांचें पुस्तक सिद्ध करविलें. तें १६७६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील खाणींच्या जागा पुढें व्हॅलेंटाइन बॉल या हिंदुस्थानांतील भूगर्भखात्याच्या अधिकाऱ्यानें शोधून १८८९ सालीं इंग्रजी भाषांतर छापलें. इतका मान, इतकें धन, तरी त्याचा उतारवयाचा काळ स्वस्थपणाचा गेला नाहीं. पूर्वेकडे पाठविलेल्या मालांत त्याचें मोठें नुकसान झालें असें सांगतात. १६८५ सालीं फ्रान्समध्यें प्रॉटेस्टंटांस असलेलें धर्मस्वातंत्र्य काढून घेण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं त्यानें ओबोनची जहागीर विकून टाकली. ब्रांडेनबुर्गच्या राजानें पूर्वेकडील व्यापारासाठीं एक कंपनी काढण्याचा बेत केला होता व टॅव्हर्नियरला आपला वकील नेमलें होतें. तो बेत तडीस गेला नाहीं.

पण त्याचे पाय घरीं ठरेनात. ऐंशी वर्षें उलटल्यावर तो पुन्हां एकदां निघाला, या वेळीं रशियाच्या वाटेनें, आणि १६८९ सालीं मॉस्को येथें त्याचा अंत झाला. तेथील प्रॉटेस्टंटांच्या जुन्या दफनभूमींत त्याच्या नांवाचा दगड एकोणिसाव्या शतकांत लोकांस सांपडला.